हळदीतली भेसळ: आम्लाचे थेंब की प्रकाश?
लालबागला मसाला कुटायला देण्याआधी हळद तपासायची, तर आम्लाची चाचणी स्वस्त. परीक्षानळीत चिमूटभर हळद, पाणी, हायड्रोक्लोरिक आम्लाचे थेंब. गुलाबी रंग आणखी पाणी घालूनही टिकला, तर भेसळ मेटॅनिल यलोची, म्हणजे कृत्रिम पिवळ्या रंगाची. पण लेड क्रोमेट, म्हणजे शिशाचा पिवळा रंग, तिला सापडत नाही, आणि मुलांच्या मेंदूला खरा घात शिशाचाच. अख्खी हळकुंडंसुद्धा त्याने रंगवतात हो!

रामन सेन्सर लेझर टाकतो आणि विखुरलेल्या प्रकाशातून रेणूची खूण वाचतो. दोन्ही भेसळी ओळखता येतात, तेही पारदर्शक पिशवी न फोडता. मात्र हळदीला पिवळेपणा देणारं कर्क्युमिन लेझरखाली स्वतःच चमकतं, खूण झाकोळून टाकतं. म्हणून १०६४ नॅनोमीटरचा, डोळ्याला न दिसणारा अवरक्त लेझर बरा; त्याने ही चमक कमी होते. तो महाग. घराला परवडणार नाही, पण डंकावर सगळ्यांसाठी एक हवाच.