स्पिटफायरचं मॉडेल करायचंय, पण १/७२ की १/४८?

स्पिटफायर म्हणजे दुसऱ्या महायुद्धातलं ब्रिटिश लढाऊ विमान, आणि १/७२ म्हणजे खऱ्याच्या बहात्तराव्या हिश्शाएवढं मॉडेल. १९४० च्या ब्रिटनवरच्या हवाई लढाईतलं स्पिटफायर मार्क वन, म्हणजे त्याची पहिली आवृत्ती, घेऊ. खऱ्या विमानाचा पंखविस्तार ११.२३ मीटर. १/७२ मध्ये तो साडेपंधरा सेंटिमीटर भरतो, म्हणजे तळहातावर मावतो. १/४८ मध्ये साडेतेवीस. कपाटात जागा कमी असेल तर निकाल इथेच लागला.

जोडणीत फारसा फरक नाही. खरी गंमत कॉकपिटमध्ये. १/४८ मध्ये डायलवर बारीक ब्रशने पांढरा ठिपका देता येतो, सीटचे पट्टे दिसतात. १/७२ मध्ये काच बसली की आत नुसता अंधार, त्यामुळे तिथे दोन संध्याकाळी घालवणं मला तरी पटत नाही. काचेवरून आठवलं: माझ्या पहिल्या छोट्या स्पिटफायरची काच मी सुपरग्लूने चिकटवली आणि सकाळी ती मोतीबिंदू झाल्यासारखी पांढुरकी! आता पांढरा फेविकॉलच, तो वाळला की पारदर्शक होतो.

रंगात मात्र छोटं मॉडेल भाव खातं. वर डार्क अर्थ आणि डार्क ग्रीनचे पट्टे, पोटाला फिकट हिरवट ‘स्काय’. एवढ्याशा पृष्ठभागावर हे हाताच्या ब्रशनेही छान बसतं. पातळ केलेले दोन-तीन हात द्या, मधे नीट वाळू द्या. गडद रंगात थेंबभर पांढरा मिसळा, नाहीतर छोटं विमान काळंकुट्ट दिसतं. १/४८ च्या रुंद पंखांवर ब्रशच्या रेघा लगेच उठतात, तिथे एअरब्रश (रंग फवारणारं साधन) आणि त्याला हवा पुरवणाऱ्या कॉम्प्रेसरचा खर्च आलाच.

मी सध्या १/७२ वरच आहे. चष्म्याचा नंबर वाढला की बघू.