तीन दिव्यांचा सॉकेट टेस्टर: भाड्याच्या घरासाठी घ्या, पण बटणवालाच

जुना भाडेकरू गेला आणि नवा यायचा आहे, त्या मधल्या आठवड्यात रंगारी येतो, प्लंबर येतो. वायरमन मात्र काहीतरी बंद पडलं तरच येतो. त्या आठवड्यात घरमालकाच्या हातात असावी अशी ही वस्तू. खिशातला स्क्रूड्रायव्हर-टेस्टर फक्त फेज दाखवतो. हा तीन पिनांचा ठोकळा सॉकेटमध्ये घातला की फेज, न्यूट्रल, अर्थिंग जागच्या जागी आहेत का, ते त्यावरच छापलेल्या तक्त्याशी दिवे ताडून कळतं.

एवढं काम तो चोख करतो. अर्थिंगचं भोक वर ठेवून समोरून पाहिलं तर फेज उजवीकडे हवी. वाशी-नेरुळच्या जुन्या सिडको इमारतींत बोर्ड दोन-तीनदा बदललेले असतात, तिथे ही अदलाबदल हमखास तपासावी. उलट जोडणीवरही मिक्सर मजेत फिरतो, म्हणून कुणाला पत्ता लागत नाही. पण त्याचं बटण फेजऐवजी न्यूट्रल तोडतं आणि बंद मिक्सरच्या आत फेज तशीच राहते.

दिवे फसवतात ते अर्थिंगच्या बाबतीत. अर्थची वायरच आलेली नसली की काही जण सॉकेटच्या मागे न्यूट्रल आणि अर्थ यांच्यात वायरचा तुकडा जोडून मोकळे होतात. टेस्टर म्हणतो, सगळं ठीक. प्रत्यक्षात वॉशिंग मशीनच्या बॉडीत आलेली गळती न्यूट्रलनेच परत जाते, आरसीसीबीला (गळती झाली की लाइन तोडणाऱ्या स्विचला) फेज आणि न्यूट्रलच्या करंटमध्ये फरक जाणवत नाही, आणि उद्या न्यूट्रल सुटला की पूर्ण २३० व्होल्ट बॉडीवर. शिवाय दिव्याला इतका कमी करंट लागतो की गंजलेलं, निकामी अर्थिंगही तो पास करतो.

म्हणून थोडे पैसे जास्त गेले तरी आरसीसीबी चाचणीचं बटण असलेलंच मॉडेल घ्यावं. बटण दाबलं की फेजमधून अर्थमध्ये साधारण ३० मिलिअँपिअर सोडले जातात. आधी डीबीतल्या (घराच्या मुख्य स्विचबोर्डातल्या) आरसीसीबीचं स्वतःचं 'टी' बटण दाबून तो पडतो का पाहा. त्याला अर्थिंग लागत नाही, त्यामुळे 'टी'ने पडला म्हणजे घर सुरक्षित असा अर्थ काढू नका. मग फ्रिज, वॉशिंग मशीन, गीझर यांचे प्लग काढा, कारण अर्थ वरच कुठे तुटलेला असेल तर चाचणीचा करंट त्यांच्या बॉडीवर येईल. आता प्रत्येक सॉकेटवर बटण दाबायचं. 'टी'ने पडतो पण सॉकेटवरून पडत नाही आणि दिवे मात्र बरोबर दाखवतात, असं झालं तर आरसीसीबी हाताने बंद करा. सॉकेट तरीही जिवंत असेल तर ती लाइन आरसीसीबीच्या बाहेरून घेतली आहे. मेलं असेल तर संशय त्या वायरच्या तुकड्यावर किंवा कमजोर अर्थिंगवर घ्यायचा. सॉकेट उघडण्याचं काम वायरमनचं.

उणिवा आहेत. ६ अँपिअरच्या पिनांचा ठोकळा निव्वळ १६ अँपिअरच्या सॉकेटमध्ये बसत नाही, म्हणजे नेमके गीझर आणि एसी सुटतात. आरसीसीबी पडला एवढंच कळतं, किती मिलिसेकंदांत ते नाही. ३० मिलिअँपिअरला ३०० मिलिसेकंदांच्या आत पडायला हवा आणि ते मोजायला वेगळं यंत्र लागतं. २.५ चौरस मिमीच्या वायरवर कुणी ३२ अँपिअरचा एमसीबी (करंट जास्त झाला की लाइन तोडणारा स्विच) बसवला असेल, म्हणजे वायरच्या मानाने मोठा, तेही याला दिसणार नाही.

उपकरणांच्या आतलं तर काहीच कळत नाही. गीझरसाठी ५०० व्होल्टचा मेगर (इन्सुलेशन मोजायचं यंत्र) असलेला परवानाधारक वायरमनच हवा: प्लग काढून फेज-न्यूट्रल एकत्र आणि बॉडी यांच्यात किमान १ मेगओहम यावा. घर दोन-तीन महिने बंद असेल तर कॉइलमधली पांढरी पूड दमट हवेत ओल धरते आणि आकडा खाली येतो. गीझर लावल्यावर आरसीसीबी पडत नसेल तर टाकी भरलेली आहे ना पाहून वीसेक मिनिटं गीझर चालवून पुन्हा मोजायला सांगा. आकडा चढला तर ओल होती, नाही चढला तर कॉइल गेली. आणि पडत असेल तर कॉइल बदला. "गीझरची लाइन आरसीसीबीबाहेर काढून देतो" म्हणणाऱ्याला जिन्यावरूनच परत पाठवा.