आतड्याची सूज शोधताना: सीआरपी की कॅलप्रोटेक्टिन?

पोट महिनोन्‌महिने बिघडलेलं आहे, डॉक्टर कधी आयबीएस (सूज नसलेला आतड्याचा त्रास) म्हणतात, कधी आयबीडीची (क्रोन्स, अल्सरेटिव्ह कोलायटिससारखे आतड्याला दीर्घकाळ सूज आणणारे आजार) शंका काढतात, आणि कोलोनोस्कोपी, म्हणजे दुर्बिणीने मोठ्या आतड्याची तपासणी, करायची की नाही ते अजून ठरत नाहीये. अशा वेळी समोर बहुधा दोन तपासण्या असतात: रक्तातलं सीआरपी (शरीरात सूज आली की वाढणारं प्रथिन) किंवा शौचातलं कॅलप्रोटेक्टिन. मला अल्सरेटिव्ह कोलायटिस आहे आणि निदानाच्या आधीपासून मी दोन्ही करत आलोय. त्यामुळे जे सांगतो ते एका रुग्णाचं मत म्हणून घ्या.

सोय पाहिली तर सीआरपीला तोड नाही. हात पुढे करायचा, रक्त द्यायचं, बहुतेकदा त्याच दिवशी रिपोर्ट मिळतो. सूज ओसरू लागली की ते साधारण १९ तासांत निम्म्यावर येतं, म्हणून तीव्र झटक्यात दवाखान्यात दाखल झालेल्याला औषध लागू पडतंय का, हे पाहायला ते फार उपयोगी. क्रोन्सच्या पुष्कळ रुग्णांत ते चांगलं चढतंही.

माझं मात्र त्याच्याशी जमलं नाही. सीआरपी तयार होतं यकृतात, आणि सूज शरीरात कुठे आहे याचा त्यात पत्ता नसतो. घसा धरला तरी वाढतं, दाढ सुजली तरी वाढतं. उलट अल्सरेटिव्ह कोलायटिसमध्ये दाह बहुधा आतड्याच्या आतल्या अस्तरापुरताच असतो, त्यामुळे आजार अंगात असूनही आकडा नॉर्मल येऊ शकतो. माझ्या बाबतीत नेमकं तेच होत राहिलं. आव-रक्त पडत होतं, रात्रीही उठून धावावं लागत होतं, आणि रिपोर्ट स्वच्छ. रिपोर्ट स्वच्छ म्हटल्यावर ‘टेन्शन घेऊ नका, जेवणाच्या वेळा सांभाळा’ एवढंच ऐकायला मिळतं, आणि हळूहळू घरच्यांनाही ते पटायला लागतं. पुढे एकदा पोट अगदी शांत असताना तापामुळे सीआरपी चढलं आणि आजार उलटला या धास्तीत दिवस गेले. माझा कौल त्यानंतर फिरला.

कॅलप्रोटेक्टिन हे न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशींतलं प्रथिन. आतड्याला सूज आली की या पेशी तिथे जमतात, आतड्याच्या पोकळीत उतरतात आणि त्यांच्यातलं कॅलप्रोटेक्टिन शौचात सापडतं. म्हणजे खबर थेट आतड्यातूनच येते. जिवाणू ते सहज मोडत नाहीत, म्हणून नमुना लॅबमध्ये पोचेपर्यंत टिकतो. ग्रॅममागे ५० मायक्रोग्रॅमच्या खाली आकडा आला, तर मोठ्या माणसात आयबीडीची शक्यता बरीच कमी होते. २५० च्या वर गेला, तर सहसा कोलोनोस्कोपीची बोलणी सुरू होतात. ब्रिटनच्या नाइस या संस्थेने २०१३ मध्ये आयबीएस आणि आयबीडी वेगळे ओळखायला, कॅन्सरची शंका नसेल तेव्हा, हीच तपासणी सुचवली.

तिच्यातही खोड्या आहेत. ५० ते २५० च्या मधला आकडा धड इकडचा ना तिकडचा. काही आठवड्यांनी पुन्हा करावी लागते. आयब्युप्रोफेन, डायक्लोफिनॅकसारख्या वेदनाशामक गोळ्यांनी आकडा वाढतो, जंतुसंसर्गानेही वाढतो, आणि लहान मुलांत तो मुळातच जास्त असतो. सूज आहे एवढंच ती सांगते. ती सूज क्रोन्सची, संसर्गाची की गाठीची, हे कळायला शेवटी कोलोनोस्कोपी आणि बायोप्सीच लागते. शिवाय डबीत नमुना घ्यायची किळस अनेकांना वाटते. मलाही सुरुवातीला वाटली, पण कोलोनोस्कोपीआधी जुलाबाचं औषध पिऊन आतडं रिकामं करण्यापुढे ती काहीच नाही.

दोन्ही करता आल्या तर उत्तमच. क्रोन्स आहे आणि प्रत्येक झटक्यात तुमचं सीआरपी चढतं असा अनुभव असेल, तर ते सोडायचं कारण नाही. पण निदानच व्हायचंय आणि एकच निवडायची आहे, तर माझ्या मते डबी घ्यावी. सकाळच्या पहिल्या शौचाचा नमुना घ्या, त्यात लघवी किंवा पाणी मिसळू देऊ नका, आणि वेदनाशामक चालू असतील तर आधी डॉक्टरांना सांगा. पुढच्या वेळीही त्याच लॅबमध्ये द्या, कारण किट बदललं की आकडा बदलतो आणि तुलना फसते. मात्र शौचातून रक्त पडतंय, वजन घटतंय किंवा हिमोग्लोबिन उतरलंय, तर या दोन्हींच्या रिपोर्टवर विसंबून कोलोनोस्कोपी लांबवू नका.