पाणचक्की फिरली, पण पंख्यासारखी

माझ्या छोट्या मॉडेल रेल्वेच्या ले-आउटवर, म्हणजे मांडणीवर, नदीच्या वळणाशी एक फिरती पाणचक्की हवी होती. माझं काम एचओ या मापात, म्हणजे सगळं खऱ्याच्या सत्त्याऐंशीव्या हिश्शाचं (१:८७), रुळांमधलं अंतर १६.५ मिलिमीटर. इमारती मी स्वतः करतो, पण हलणारी दृश्यं हाताला जमत नाहीत. म्हणून एकाकडे तयार सांगितली. त्याचा व्हिडिओ पाहूनच भुललो. काळं कापड, संथ फिरणारं चाक, खिडकीत पिवळा दिवा, दारात पोतं घेतलेला माणूस, वर बासरी. ‘शंभर टक्के एचओ, हाताने केलेलं.’ पैसे सगळे आगाऊ मागितले आणि मी दिले. गाढवपणा तो इथे.

खोकं आलं. पोतंवाला माझ्या फलाटावर उभा केला, तर तो बाकीच्यांच्या हनुवटीला लागला. मोजला, जेमतेम १८ मिलिमीटर. सहा फुटी माणूस १:८७ मध्ये २१ भरतो. १८ म्हणजे १:१००, आर्किटेक्टच्या नमुन्यांत असतात तसली माणसं. दारही त्याच मापाचं.

मग चिठ्ठीत लिहिल्याप्रमाणे १२ व्होल्ट दिले. खिडकीतला दिवा एकदा लखकन चमकला आणि गेला. चाक मात्र भणाणत सुटलं! तळ उचकटला तर आत खेळण्यातली मोटर, दांडा थेट चाकाला. अशी मोटर मिनिटाला हजारो फेरे घेते. चक्कीला दहा पुरेत, आणि त्यासाठी मध्ये गिअर लागतात. दिव्याच्या एलईडीला वीज आवरणारा रेझिस्टरच नव्हता. १२ व्होल्टवर पांढऱ्या एलईडीला साधारण ४७० ओहमचा लावतात. किंमत नगण्य, तोही वाचवला.

व्हिडिओ पुन्हा पाहिला तेव्हा कळलं. वेग मंदावलेला, मोटरचा आवाज बासरीखाली झाकलेला, शेजारी मापाला काडेपेटीसुद्धा नाही. तक्रार केली तर म्हणाला, “व्हिडिओत आहे तेच दिलंय.” त्यानंतर फोन बंद. पैसे गेले ते गेलेच.

आता मी आधी क्लिप मागवतो: शेजारी फूटपट्टी, मागे सेकंदकाटा फिरणारं घड्याळ, संगीत नको. खरा कारागीर पाच मिनिटांत पाठवतो. आणि निम्मे पैसे वस्तू चालवून पाहिल्यावर.

चक्की फेकली नाही. गिअरची मोटर बसवून ती पार मागे, टेकडीच्या पायथ्याशी ठेवलीय. लहान आहे म्हणून लांबची वाटते. परवा तोच व्हिडिओ पुन्हा दिसला. विकणाऱ्याचं नाव नवं, कापड काळंच, बासरीही तीच.