१००-४०० लेन्स, कवडशातले पक्षी आणि क्लिक नसलेली रिंग

लेन्स सर्व्हिस सेंटरमधून दुसऱ्यांदा परत आली, तेव्हा आता लिहायला हरकत नाही. शार्पनेस, वजन, कोटिंग यावर भरपूर लिहून झालंय, ते मी पुन्हा उगाळत नाही. लेन्स शार्प आहे, ४०० एमएमलाही आहे. मला बोलायचंय ते पुढच्या कंट्रोल रिंगबद्दल, म्हणजे फिरवून कॅमेऱ्याचं हवं ते सेटिंग बदलता येणाऱ्या रिंगबद्दल.

मी काढतो ते बागेतले छोटे पक्षी: शिंजीर, शिंपी, चष्मेवाला, दयाळ. हे झाडाखाली कवडशांत वावरतात. एका फांदीवर कडक ऊन, वीतभर पलीकडे गडद सावली, आणि दोन्हींत सहज तीन स्टॉपचा फरक (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा). उन्हाच्या तुकड्यात अ‍ॅपर्चर एफ ६.३, आयएसओ (सेन्सरची प्रकाशसंवेदनशीलता) ४०० ला १/२५०० सेकंदाचा शटर मिळतो. तोच पक्षी टुणकन सावलीत गेला की त्याच शटरला आयएसओ ३२०० लागतो. कॅमेऱ्याचं मीटर बघतं अख्खी फ्रेम, आणि पक्षी त्यात एवढासा. मागे काळोख असला की मीटर एक्स्पोजर वाढवतं आणि दयाळाच्या पंखावरचा पांढरा पट्टा पार उडतो. पूर्ण उडालेल्या पांढऱ्यात रॉ (कॅमेऱ्याच्या कच्च्या, प्रक्रिया न केलेल्या) फाइलमधूनही पिसाची एक रेघ परत येत नाही. मागे आकाशाचा तुकडा आला की उलट, चष्मेवाल्याचं डोळ्याभोवतीचं कडं सोडून सगळा पक्षी काळा.

म्हणजे व्ह्यूफाइंडरवरून डोळा न काढता एक्स्पोजर हलवता आलं पाहिजे. त्यासाठी आधी रिंगवर एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन लावलं होतं, म्हणजे मीटरने ठरवलेलं एक्स्पोजर कमी-जास्त करणं. रिंग डाव्या हाताच्या बोटांखाली येते, जागा उत्तम. पण तिला क्लिक नाही. बॉडीवरच्या डायलला एक क्लिक म्हणजे १/३ स्टॉप, तीन क्लिक म्हणजे एक. बोटं आपोआप मोजतात. ही रिंग लोण्यासारखी फिरते. किती फिरली ते कळायला व्ह्यूफाइंडरमधली खालची पट्टी वाचावी लागते, आणि तेवढ्यात शिंपी पुढच्या पानाआड. शिवाय लेन्स खालून पेलताना तळहात लागून कॉम्पेन्सेशन गुपचूप सरकतं. त्या काळात हा अनुभव लिहिला असता तर ‘घेऊ नका’ असंच लिहिलं असतं.

मग कॉम्पेन्सेशन काढून टाकलं. पूर्ण मॅन्युअल, शटर आणि अ‍ॅपर्चर ठरलेलं, रिंगवर आयएसओ, व्ह्यूफाइंडरमध्ये झेब्रा चालू (फार उजळ झालेल्या भागावर पट्टे दाखवणारी सोय). आता पट्टी वाचतच नाही. छातीच्या किंवा पंखाच्या पांढऱ्यावर झेब्राचे पट्टे दिसेपर्यंत रिंग फिरवायची आणि ते जातील एवढीच मागे आणायची. नजर पक्ष्यावरच राहते. मोजायचंच नसल्यामुळे इथे तोच मऊपणा कामाला आला. बिनक्लिकच्या रिंगवरचा माझा निम्मा राग तिथे गेला. उरलेला निम्मा तळहाताच्या धक्क्याचा, आणि त्यावर एकच उपाय आहे: कंपनीने लॉकचं बटण द्यावं. या लेन्सवर ते नाही, ही कंजुषी मला पटत नाही.

रंगांचं दुखणं वेगळं, ते कुठलीच लेन्स सोडवत नाही. सावलीतला प्रकाश निळसर, वर पानांतून गाळून आलेला हिरवा. शिंप्याचं पांढुरकं पोट शेवाळल्यासारखं दिसतं. पक्षी अर्धा उन्हात असला तर एका व्हाइट बॅलन्सने (प्रकाशाच्या रंगछटेच्या दुरुस्तीने) दोन्ही बाजू सुधारत नाहीत. मी उन्हाची बाजू बरोबर लावतो, सावलीतला हिरवा रंग एडिटिंगमध्ये मास्क लावून (तेवढाच भाग निवडून) कमी करतो आणि निळा थोडा राहू देतो. जांभळ्या शिंजिराच्या नराची चमक तर पिसांच्या रचनेतून येते; मान जराशी वळली की काळ्याची जांभळी-निळी होते. त्या क्षणाला एक्स्पोजर आधीच लावलेलं असावं लागतं, आणि आता ते असतं. या लेन्सने मला सगळ्यात जास्त आनंद दिला तो इथे.

आता सर्व्हिसचं. रिंग सैल झाली, फिरवली तरी मधेच आकडा हलेना. वॉरंटीत दिली. परत आली ती ‘सर्व काही ठीक’ अशा शेऱ्यासह, सोबत शार्पनेसच्या चार्टचा छापील फोटो. तक्रार रिंगची, तपासलं काय, तर काच! संताप आला. दुसऱ्या वेळी रिंग फिरतेय आणि आकडा थबकलाय असा व्हिडिओ जोडला, तेव्हा कुठे रिंगचा भाग बदलला. नवी रिंग किंचित घट्ट आहे, धक्क्याने कमी सरकते. तुम्हालाही द्यावी लागली तर व्हिडिओ पहिल्याच वेळी जोडा, आणि घेताना काउंटरवरच बॉडीला लावून रिंग दोन्ही बाजूंना फिरवून बघा.