चढ सगळ्यांना जमतो, उतार बघा: कोल्हापूरजवळच्या सोप्या वाटांची तुलना

आईला घेऊन पहिल्यांदा ज्योतिबाच्या डोंगरावर पायरीवाटेनं गेलो, तेव्हा चढताना ती माझ्या पुढं होती. वर दर्शन झालं, खोबरं-गुलाल उधळून झाला, आणि आम्ही आलो तसेच पायऱ्यांनी उतरायला लागलो. निम्म्यात ती एका पायरीवर बसली. "पाय ऐकंनात रं," म्हणाली. मांड्या थरथरत होत्या, गुडघा सुजला होता. खाली यायला चढण्यापेक्षा दुप्पट वेळ लागला आणि पुढचे आठ दिवस घरात शेकशेगडी चालू होती.

त्या दिवसापासून कुणी विचारलं, "घरच्यांना घेऊन चालायला कुठं जाऊ?", की मी किलोमीटर सांगत नाही. तीन गोष्टी सांगतो. उतरायचं कसं, पायाखाली काय आहे, आणि मध्येच सोडावंसं वाटलं तर गाडी कुठं मिळंल. या तीन गोष्टी धरून कोल्हापूरच्या जवळच्या वाटा शेजारी-शेजारी ठेवल्या, तर "सोपं" या शब्दाचा अर्थ बराच बदलतो.

सुरुवात घराजवळून करू. रंकाळा तलावाला एक पूर्ण फेरी म्हणजे चार-साडेचार किलोमीटर. चढ नाही, हरवायची भीती नाही, संध्यामठाजवळ थांबून पाण्यावरचे पक्षी बघता येतात आणि कुठंही दमलात तर रिक्षा आहेच. फेरी झाल्यावर गंगावेशीच्या दूधकट्ट्यावर समोर पिळलेलं धारोष्ण दूध प्यायचं, हे सुख दुसऱ्या कुठल्या वाटेला नाही. पण जमीन सगळी कडक. फरशी नि डांबर. रोज चालणाऱ्याच्या टाचा आणि गुडघे ते लक्षात ठेवतात. पुढच्या डोंगराची तयारी म्हणून रंकाळा घेत असाल, तर चढ-उतराची सवय तिथं होत नाही हेही धरून चाला.

रोजच्या चालण्यासाठी मी शिवाजी विद्यापीठाचा परिसर रंकाळ्याच्या वर ठेवतो. साडेआठशे एकरांची जागा, १९६२ पासून जपलेली झाडी, मागं राजाराम तलाव. महाराजांच्या अश्वारूढ पुतळ्यापासून आत निघालं की हलके चढ-उतार लागतात, कडेला मातीची वाट मिळते आणि सकाळी मोरांचं ओरडणं कानावर येतं. पोरांना मोर दिसला की ती पुढचा किलोमीटर कुरकुर न करता चालतात, हा अनुभव आहे. ओळखपत्र मात्र खिशात असू द्या. तिथूनच जवळ टेंबलाईची टेकडी आहे. चढ एवढासा, की धाप लागायच्या आत देऊळ येतं. ट्रेक म्हणून तिला कुणी मोजणार नाही. पण पाच-सहा वर्षांच्या पोराला "आपण डोंगर चढलो" असं वाटायला ती पुरते, आणि वरून सगळं शहर दिसतं. आषाढात पंचगंगेच्या नव्या पाण्याच्या कळशा घेऊन 'पी ढबाक' वाजंत्रीच्या तालावर गल्ल्याच्या गल्ल्या टेंबलाईला जातात. पोराला ती टेकडी त्या दिवशी दाखवा, जन्मभर विसरणार नाही.

आता खरा प्रश्न, जो सगळे विचारतात: ज्योतिबा की पन्हाळा?

दोन्ही शहरापासून वीस किलोमीटरच्या आत-बाहेर, एकमेकांच्या समोर. पन्हाळ्याच्या सज्जाकोठीवरून ज्योतिबाचा डोंगर थेट दिसतो. लोकांच्या बोलण्यात पन्हाळा म्हणजे गड, म्हणून अवघड. आणि ज्योतिबा म्हणजे देवाची वाट, म्हणून सोपी. पायांना विचारलं तर उलटं आहे. पन्हाळ्यावर एसटी थेट वर सोडते. चढायचं नसतंच, फक्त माथ्यावर फिरायचं. तटबंदीचा घेरच सात किलोमीटरच्या वर आहे, त्यामुळं पाहिजे तेवढं चाला, पाहिजे तिथं थांबा. ज्योतिबाला गायमुखाकडून पायरीवाटेनं गेलात तर सगळा चढ पायऱ्यांचा, आणि उतरताना तोच गुडघ्यावर येतो. दगड लोकांच्या पायांनी गुळगुळीत झालेले, त्यात पावसाचं पाणी आणि गुलाल मिसळला की पाय कधी सटकंल सांगता येत नाही.

तरी ज्योतिबाची वाट सोडू नका. चालण्याला कारण असलं की माणूस जास्त चालतो. वर एक देव वाट बघतोय, हे ज्याच्या मनात आहे त्याला ती वाट जड जात नाही. माझ्या आईला पन्हाळ्याच्या बुरुजांपेक्षा "चांगभलं"च्या आरोळीनं जास्त बळ येतं. राणोजी शिंद्यांनी १७३० मध्ये बांधलेलं ते काळ्या दगडाचं देऊळ, गुलालानं गुलाबी झालेला सगळा चौक. चढून आल्यावर ते जसं दिसतं तसं गाडीतून उतरल्यावर दिसत नाही. म्हणून माझा सल्ला एवढाच: ज्योतिबाला चढा पायी, उतरा एसटीनं. रविवार हा देवाचा वार, गर्दी असते, तो टाळा. आणि चैत्र यात्रेला सासनकाठ्या, म्हणजे देवाच्या उंच मानाच्या काठ्या, बघायला जरूर जा, पण त्या दिवशी चालायची हौस भागवायला म्हणून जाऊ नका. लाखोंच्या गर्दीत म्हातारं माणूस नि लहान पोर सांभाळणं सोपं नाही.

पन्हाळ्याला ज्यांनी फक्त गाडीतून चक्कर मारली, त्यांनी पन्हाळा बघितलाच नाही असं मी म्हणतो. सज्जाकोठीपासून सुरुवात करा, अंबरखान्यावर या, मग पश्चिमेला अंधारबाव, तीन दरवाजा आणि शेवटी पुसाटी बुरूज. मधे रमतगमत तीन तास जातात. अंबरखाना म्हणजे गडाची धान्याची कोठारं. तिथं नुसतं बाहेरून फोटो काढून परत फिरू नका. गंगा कोठीत आत जाऊन उभे राहा. बाहेर ऊन रटरटत असलं तरी आत गारवा. मान वर करा, छताला भोकं दिसतील. बाहेरच्या पायऱ्यांनी वर चढून त्या भोकांतून धान्य आत ओतायचे. या एका कोठीत पंचवीस हजार खंडी (खंडी हे जुनं माप) धान्य राहायचं, असं सांगतात. सिद्दी जौहरचा वेढा मार्च १६६० मध्ये पडला, आणि जुलैत शिवाजी महाराज निसटले तेव्हाही तो उठला नव्हता. महिनोन् महिने गड कशावर तगला, हे पोराला त्या भोकाखाली उभं करून सांगितलं की पुस्तकापेक्षा पटकन कळतं. माझ्या पोरानं तर तिथंच विचारलं, "मग उंदीर लागत नव्हते?"

पन्हाळ्याची उणीवही सांगतो. सुट्टीच्या दिवशी आतल्या रस्त्यांवर गाड्यांची रांग लागते आणि हॉर्नच्या आवाजात चालायचा सगळा आनंद जातो. गड जुलै २०२५ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेलाय, म्हणजे गर्दी वाढणारच. सकाळी आठच्या आत वर पोचा. दहा-साडेदहाला झुणका-भाकरी आणि मडक्यातलं दही खाऊन परत निघा.

पुसाटी बुरुजावर उभं राहिलं की पलीकडं सपाट पाट ठेवल्यासारखं मसाई पठार दिसतं. चालायला यातलं सगळ्यात सुंदर तेच, आणि फसवं पण तेच. तिथंवर गाडी नेली तर चढ जवळजवळ नाही. जांभ्या दगडाची सपाटी, त्यावर बोटभर मातीचा थर. पावसात पाणी मुरत नाही, साचून राहतं, म्हणून तिथं वेगळीच झाडं उगवतात. सप्टेंबरात गुडघ्यावर बसून बघा. सीतेची आसवं म्हणजे निळ्या-जांभळ्या टिकल्यांएवढी फुलं. दिसायला नाजूक, पण जमिनीखाली बारीक पिशव्या असतात आणि त्यात ओलीतले सूक्ष्म जीव अडकवून ती आपलं पोट भरतात. मातीत कस नाही, म्हणून ही तजवीज. पाय बघून टाका. फुलांवर लोळून फोटो काढणारे दिसले की माझा जीव तुटतो.

फसवं अशासाठी, की पठारावर खूण नाही. एकदा ऑगस्टात धुकं असं उतरलं की दहा पावलांवरचा मित्र दिसेना. आम्ही मसाईच्या देवळाकडं चाललोय असं समजून वीस मिनिटं उलट्या दिशेनं गेलो. एका धनगरमामांनी हाक मारली म्हणून कडेच्या आधी थांबलो. सावली नाही, आसरा नाही. एप्रिल-मे मध्ये दगड भाजतो आणि दुपारी वळीव आला तर विजेच्या वेळी अख्ख्या पठारावर सगळ्यात उंच तुम्हीच असता. पहाटे-संध्याकाळी त्या बाजूला गव्यांचाही वावर असतो. दिसला तर फोटोसाठी जवळ जायचं नाही, गपचूप मागं फिरायचं.

मग निवडायचं कसं? घरात सत्तरीचं माणूस आणि लहान पोर दोन्ही असतील तर डोळे झाकून पन्हाळा. रोजची सवय लावायची असेल तर विद्यापीठ, पावसात माती निसरडी झाली की तेवढ्यापुरता रंकाळा. ज्याला भक्तीनं चालायचंय त्याला ज्योतिबा, पण परतीची एसटी ठरवून. मसाई पठार सप्टेंबरच्या शेवटाला, आकाश मोकळं असताना, वाट माहीत असलेल्या माणसाबरोबर. पहिली वाट म्हणून नको.

आई अजून वर्षातून दोनदा ज्योतिबाला पायी चढते. निघताना पिशवीत खोबऱ्याच्या वाट्यांशेजारी एसटीच्या अर्ध्या तिकिटाचे सुट्टे पैसे रुमालात बांधून ती आधी ठेवते.