एमके-५ की कॉनशेल्फ १४: घरी खोलायला कुठला बरा?

जुना रेग्युलेटर (टाकीतली हवा श्वासाला योग्य दाबाने देणारं डायव्हरचं यंत्र) घेऊन घरीच दुरुस्त करायचं ठरवलं, की कॅलिफोर्नियात तरी प्रश्न फिरून फिरून या दोघांवर येतो. स्कूबाप्रोचा एमके-५ घ्यावा, की यू.एस. डायव्हर्सचा कॉनशेल्फ १४? गराज सेलमध्ये आणि वय झाल्यामुळे डायव्हिंग सोडलेल्यांच्या पेटाऱ्यांत हे दोन हमखास सापडतात. माझ्याकडे दोन्ही आहेत. गेली सहा वर्षं मीच ते खोलतो, मीच बसवतो आणि त्यांच्यावर माँटेरीच्या थंड पाण्यात उतरतो. सेकंड स्टेज, म्हणजे तोंडात धरायचा भाग, दोन्हींची साधी आणि दणकट आहे, थोड्या सरावाने कुणालाही जमते. निवड करायची ती फर्स्ट स्टेजची, म्हणजे टाकीवर बसून तिचा दाब उतरवणाऱ्या भागाची.

एमके-५च्या बाजूने बोलण्यासारखं पुष्कळ आहे. हलणारा भाग एकच, तो म्हणजे पिस्टन. पहिल्यांदा खोलला तेव्हा एवढ्याशा भागांवर हे सगळं चालतं यावर विश्वास बसेना. हवा पिस्टनच्या पोकळ दांड्यातूनच जाते, त्यामुळे खोलवर जोरात श्वास घेतला तरी हवा कमी पडत नाही. होजेस (हवेच्या नळ्या) लावायची टोपी गोल फिरते, मान वळवली की होज सोबत वळते. हे सुख कॉनशेल्फमध्ये नाही. शिवाय जुन्या कॉनशेल्फना होज लावायची भोकं कमी असतात, ती घेण्याआधी मोजून घ्या. आणखी एक गोष्ट: एमके-५मध्ये सीटवर (हवा अडवणाऱ्या मऊ गादीवर) टेकणारी धारदार कड पिस्टनवर असते. तिला खाच पडली तर पिस्टन बदलता येतो. कॉनशेल्फमध्ये ती कड बॉडीतच कोरलेली आहे, तिथे खाच म्हणजे बहुधा बॉडीच गेली.

एवढं असूनही माझा तराजू दुसरीकडे झुकला, आणि त्याला कारण वाळू.

माझे बहुतेक डाइव्ह किनाऱ्यावरून असतात. कार्मेलजवळच्या मोनॅस्ट्री बीचवर कुणी उतरलं असेल तर मी काय म्हणतो ते लगेच कळेल. किनारा खडा उतरता, वाळू जाड, लाट मोडते ती थेट पायाशी. बाहेर पडताना उभं राहायच्या भानगडीत न पडता हातापायांवर रांगत यायचं, हाच तिथला शिरस्ता. रांगताना लाट अंगावरून जाते आणि सोबत वाळू घेऊन येते. एमके-५च्या बॉडीला पाणी आत यावं म्हणून भोकं असतात. आत स्प्रिंग, आणि त्या स्प्रिंगच्या मधून पिस्टनचा दांडा दर श्वासाला पुढे-मागे होतो. वाळू आणि सुकलेलं मीठ नेमकं तिथे जाऊन बसतं.

दांड्याभोवती करंगळीच्या नखाएवढी एक ओ-रिंग, म्हणजे गळती अडवणारी रबरी कडी, असते. एका बाजूला टाकीचा पूर्ण दाब, दुसऱ्या बाजूला समुद्र. तिच्यावर कण घासला, की काही दिवसांनी भोकांतून बारीक बुडबुड्यांची माळ सुटते. माझ्या बडीने (सोबतच्या डायव्हरने) ती पाण्याखाली बोट दाखवून मला दाखवली. धोक्याचं नव्हतं, पण डाइव्ह तिथेच संपवला. घरी आल्यावर खरं काम सुरू झालं. ही ओ-रिंग खोल भोकाच्या आतल्या खोबणीत बसते. कपाळावर टॉर्च बांधायचा, पितळी आकडी तिरकी घालायची आणि खोबणीला चरा न पाडता ती उचकटायची. चरा पडला की नवी ओ-रिंगही गळणार. स्टीलची आकडी तर त्या भोकाजवळ आणूच नका. एकदा घाईत मी ती वापरली आणि एक चांगली बॉडी हातची गेली, त्याची हळहळ अजून वाटते.

यावर जुना उपाय होता: स्प्रिंगची सगळी पोकळी सिलिकॉन ग्रीसने भरायची आणि वर रबरी पट्टा चढवायचा. मी एक वर्ष करून पाहिलं. वाळू आत जाईना, हे खरं. पण एमके-५मध्ये मधला दाब (फर्स्ट स्टेजकडून सेकंडकडे जाणाऱ्या हवेचा) बदलायला स्प्रिंगखाली शिम, म्हणजे पातळ चकत्या, घालाव्या किंवा काढाव्या लागतात. म्हणजे टोपी खोला, ग्रीस उपसा, शिम घाला, पुन्हा भरा, टाकी लावा, गेज बघा. दाब थोडा इकडेतिकडे निघाला, की पुन्हा पहिल्यापासून. एका शनिवारी हे तीनदा केलं. टेबलावर पेपर टॉवेलचा ढीग, आणि ग्रीस दाराच्या मुठीपर्यंत.

कॉनशेल्फ डायफ्रामचा आहे, म्हणजे पिस्टनऐवजी त्यात लवचीक पडदा हलतो. (नाव फ्रेंच समुद्रसंशोधक कूस्तोच्या समुद्रतळावरच्या घरांवरून आलं, १९६२ ते ६५ची गोष्ट.) त्यातही वाळू शिरते, मीठही बसतं, पण डायफ्रामच्या बाहेर. तिथे स्प्रिंग आहे, घासणारी ओ-रिंग नाही. नळाखाली धरून खळखळ धुतलं की काम झालं. मोनॅस्ट्रीवर त्याला घेऊन मी किती वेळा रांगलो असेन, पण दोन सर्व्हिसच्या मध्ये तो खोलायची वेळ आली नाही. दाब बदलायचा तर इन्फ्लेटरच्या (जॅकेट फुगवायच्या) होजला गेज लावायचा, टाकी उघडायची आणि बाहेरूनच स्क्रू किंचित फिरवायचा. सेकंड स्टेजचं पर्ज बटण दाबून हवा सोडायची, काटा पुन्हा कुठे थांबतो ते बघायचं. मी १३० पीएसआयच्या आसपास ठेवतो. काटा तिथे थांबून न सरकता उभा राहिला की समाधान. सरकत वर गेला, तर सीट किंवा ती कड खराब.

त्रास त्यातही आहे. भाग जास्त, टोपी घट्ट करताना डायफ्राम पिळला जाऊ शकतो, आणि नीट बसणारा पिनांचा पाना नसेल तर क्रोम सोलवटतं. पण हा त्रास टेबलावर, उजेडात, एकदाच होतो.

अर्थात हा माझ्या किनाऱ्याचा अनुभव. मालवणला किंवा फ्लोरिडात होडीवरून उडी मारणाऱ्याला वाळू कुठली? तो एमके-५ घेऊन माझ्यापेक्षा सुखी असेल. त्याचे भाग कमी असल्याने शिकायलाही तो सोपा आहे, असं म्हणणारे चुकीचे नाहीत. माझाही एमके-५ विकलेला नाही, बोट असली की तोच निघतो.

कुठलाही घ्या, सीट आणि ओ-रिंगचा संच मिळतोय ना, हे आधी बघा; ओ-रिंगा ठरावीक मापाच्या असल्याने कुठेही मिळतात, सीट मात्र त्याच मॉडेलची लागते. जुनं हिरवं साचलेलं काढायला पांढरं व्हिनेगर आणि कोमट पाणी निम्मं-निम्मं पुरतं, पण दहा मिनिटांवर ठेवू नका, क्रोम उखडतं. नव्याने बांधलेला रेग्युलेटर आधी बादलीत, मग पूलमध्ये, आणि त्यानंतरच समुद्रात. कॉनशेल्फ घेणार असाल तर विकणाऱ्यासमोरच सीट काढा आणि दहापट भिंग लावून ती कड गोल फिरवून बघा. केसाएवढी खाच दिसली तरी परत ठेवा आणि पुढच्या पेटाऱ्याकडे वळा.